आईबाबांच्या शुगरसाठी मोबाईलवरचा 'कोच' : गावात चालतो का?

रातांबा :
नमस्कार मंडळी. बाबा देवगड तालुक्यात असतात, वय अडुसष्ट, कलमांची बाग स्वतः बघतात. शुगर जुनी, जोडीला बीपी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू. मी पुण्यात, बहीण ठाण्यात. गेल्या वर्षी बहिणीने त्यांना एका कंपनीच्या डिजिटल कोचिंगची वर्षाची वर्गणी भरून दिली. ब्लूटूथवाला ग्लुकोमीटर, सुरुवातीला दंडाला लावायचे, सतत शुगर दाखवणारे दोन सेन्सर, ताटाचा फोटो टाकला की पदार्थ ओळखून सल्ला देणारं ॲप, रात्रीबेरात्री उत्तर देणारा चॅटबॉट आणि पंधरवड्याने फोन करणारी एक आहारतज्ज्ञ मुलगी. तिला हे लोक 'कोच' म्हणतात.

फायदा झाला नाही असं नाही. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ टक्के होतं ते ७.८ वर आलं. पण बाबा जाम वैतागलेत. पेजेचा फोटो टाकला की ॲप म्हणतं 'खीर', आणि लगेच लाल खूण. "ह्याका काय कळतला पेज म्हणजे काय ता!" नाश्त्याला दलिया, रात्री पनीर. आणि कहर म्हणजे पावलं. घरात रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून फोन तिथेच खुंटीला पिशवीत टांगलेला. माणूस दिवसभर बागेत चढउतार करून दमून येतो आणि फोन सांगतो, 'आज तुम्ही फारच कमी चाललात, उद्या थोडा प्रयत्न करूया!' त्यावर बाबा जे बोलले ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

पुढच्या महिन्यात वर्गणी संपतेय. पंधरा-सोळा हजारांचा मामला आहे. कुणी वापरलंय का? पहिला उत्साह ओसरल्यावर फरक टिकतो का?

बोंडू :
आमच्याकडे सोलकढीला स्ट्रॉबेरी मिल्कशेक ठरवलं होतं. आजी दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की मी मिल्कशेक पिते.

घाटावरची :
भात कमी करा, चाला, गोळ्या वेळेवर घ्या, गोड बंद. घ्या, दिला सल्ला. सोळा हजार मला गूगल पे करा.

गंमत सोडा, पण खरंच कळत नाही. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. माहीत असूनही करत नाहीत त्याला ॲप काय करणार?

ओपीडी :
घाटावरची, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. माहीत असतं, होत नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. एका पेशंटला माझ्याकडून पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात बीपी घ्यायचं, पाय बघायचे, रिपोर्ट वाचायचे, गोळ्या लिहायच्या. 'भात कमी करा' हे मी पेन खाली ठेवता ठेवता सांगतो. पेशंटही पिशवी उचलता उचलता 'हो' म्हणतो. पुढची भेट तीन महिन्यांनी. मधल्या काळात रोज जे ठरवायचं असतं ते तो एकटा ठरवतो. कोचिंगची जागा ती आहे.

आणि याला आधार आहे. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला, आणि अर्ध्यांना त्यानंतर मोबाईलवर संदेश जात राहिले. साधे एसएमएस. ॲप नाही, सेन्सर नाही. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के मधुमेही झाले, मिळालेल्यांपैकी १८ टक्के. मात्र संदेश सगळ्यांना एकच नव्हते. बदलायला माणूस मनाने किती तयार आहे ते बघून मजकूर ठरायचा. ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांच्यात ॲपमुळे एचबीए१सी सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतं, असं बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज सांगते. म्हणजे जादू नाही, पण नगण्यही नाही.

रातांबा, तुमच्या बाबांचं सव्वा टक्का उतरलं. मधल्या काळात गोळी वाढवली होती का? तसं असेल तर सगळं श्रेय ॲपला देऊ नका.

एक मात्र नीट वाचा. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने ॲपचं ऐकून एकदम भात निम्मा केला आणि गोळी तेवढीच राहिली तर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अचानक चिडचिड, बोलणं भरकटणं. मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि गोळी कमी-जास्त करण्याचा सल्ला चॅटबॉटने दिला तर तो ऐकायचा नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, यंत्राने पेशंटला औषध लिहून द्यायचं नाही, डॉक्टरला मदत करायची तेवढी.

रातांबा :
डॉक्टर, गोळी वाढवली नव्हती. उलट बाबा आधी दुपारची गोळी बऱ्याचदा विसरायचे, ते बंद झालं. म्हणजे श्रेय बहुधा गजराचं!

बोंडू :
सोळा हजारांचं गजराचं घड्याळ.

खाडीकाठ :
आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, सविस्तर लिहिते.

आई गुहागरकडे एकटी असते. पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस नसते, फोन बंद. मग लाईट आली की साचलेले सगळे मेसेज एकदम. 'तुम्ही आज शुगर मोजली नाहीत.' 'तुम्ही गोळी घेतलीत का?' 'आपण तुमची वाट पाहत आहोत.' आईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, बिल थकलंय. घाबरून तिने शेजारच्या मुलाला ॲप काढून टाकायला सांगितलं.

ते पुन्हा सुरू झालं ते कोचमुळे. ती मुलगी मूळची नगरकडची, मराठी बोलणारी. पहिल्या फोनला तिने पुस्तकातलं विचारलं, भात किती ग्रॅम? आई म्हणाली, "मी डावाने वाढते गं, ग्रॅम दुकानदाराला विचार." दुसरी असती तर तिथे 'एक बाऊल' लिहून मोकळी झाली असती. हिने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आईने चुलीपाशी नेऊन आपला पितळी डाव दाखवला, माझ्या आजीचा, कड थोडी चेपलेली. मुलीने विचारलं, शिगोशिग भरता की सपाट? आई म्हणाली, हात जाईल तसा. मग त्या दोघींनी फोनवरच डावाने भात काढून वाटीत ओतून पाहिला. शिगोशिग डावात आणि सपाट डावात जवळजवळ अर्ध्या वाटीचा फरक निघाला. आईलाच आश्चर्य वाटलं. तेव्हापासून हिशेब ठरला : दुपारी सपाट दोन डाव, रात्री एक, आणि भूक राहिली तर भाजी नाहीतर कुळथाची पिठी वाढवायची, भात नाही. ओट्सचं नावही निघालं नाही.

आई हे आज दीड वर्ष पाळतेय. ॲपमध्ये ती एक अक्षर नोंदवत नाही. पण डाव सपाट करते, बोटाने वरचा भात परत टोपात सारून. मी गेले की मलाही तसाच वाढते.

तर माझं मत, पैसे त्या मुलीचे. बाकी सगळं सजावट.

घाटावरची :
हे आवडलं. पण मग हे काम गावातल्याच कुणी का करू नये? त्यासाठी कंपनी कशाला?

आबोली :
गावातलं कुणीतरी करतंय ताई, तुमच्यापर्यंत बातमी आली नाही एवढंच. मी सिंधुदुर्गात उपकेंद्रात काम करते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची, आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरते, वाढलेलं निघालं की प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, गोळ्या फुकट. बीपीचा जो देशव्यापी नियंत्रण कार्यक्रम २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग होता. त्या कार्यक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यातही मोबाईल आहे, पण तो पेशंटच्या हातात नाही, कर्मचाऱ्यांच्या हातात. महिन्याच्या गोळ्या न्यायला कोण आलं नाही त्याची यादी त्यावर दिसते आणि मग आम्ही फोन करतो. "गोळये संपले, पण लावणी चालू आसा, येवक जमाक नाय." मग त्याच वाडीतल्या कुणाच्या तरी हातून पाठवायच्या.

आता कोच म्हणायचं तर म्हणा. पगाराचं मात्र विचारू नका.

ई-संजीवनीही आहे, २०२० पासून. घरबसल्या डॉक्टरशी बोलता येतं, पैसे नाहीत. पण खरं सांगते, एका माणसाच्या भाताच्या डावापर्यंत जायला आम्हाला वेळ नसतो. खाडीकाठताईंच्या आईला मिळालं तसं आमच्या रजिस्टरातल्या प्रत्येकाला देणं शक्य नाही.

मांडवीपार :
अवांतर : मधुमेहात आमचं गोंय देशात पहिलं आहे बरं. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास आला होता २०२३ मध्ये. देशात ११.४ टक्के, गोव्यात २६.४. देशभरात १० कोटींच्या वर मधुमेही. त्यामुळे सिंधुदुर्गवाल्यांनी सीमेपलीकडे बघून हसू नये, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आपण एकाच रांगेत असतो.

तिरफळ :
हे सगळं कंपन्यांनी उभं केलेलं भूत आहे. आमचे आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खायचे, सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, नव्वदीपर्यंत जगले. कोण होता त्यांचा कोच?

ओपीडी :
तिरफळ, तुमचे आजोबा बाजाराला चालत जायचे, नांगर धरायचे, विहिरीचं पाणी ओढायचे, आणि तांदूळ बहुधा उकडा, घरच्या गिरणीचा. उकड्या तांदळाने शुगर पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा सावकाश चढते. आणि त्या काळी नव्वदीपर्यंत न पोचलेल्यांची शुगर कुणी मोजली नव्हती. पाय काळा पडून गेले की 'गँगरीन झालं' एवढंच कळायचं.

निवृत्त_मास्तर :
मी या धाग्यावरचा बहुधा एकमेव पेशंट. वय ७१, राजापूर तालुका. बाकी सगळी मुलं-मुली आपापल्या आईबाबांबद्दल लिहीत आहेत, म्हणून म्हटलं बाबांच्या बाजूने एखादा प्रतिसाद असावा.

मला ॲप आवडतं. दंडावरचा सेन्सर फार आवडतो, कारण तो वाद मिटवतो. एक सेन्सर चौदा दिवस चालतो, खर्चिक आहे, पण वर्षातून एकदा लावावा आणि लावायचा तो मे महिन्यात. भरपेट जेवणावर हापूस खाल्ला तर ॲपमधली शुगरची रेष छपराला जाते. तोच आंबा, तेवढ्याच फोडी, दुपारी चारला, नुसता, मूठभर शेंगदाण्यांबरोबर खाऊन नंतर बाजारापर्यंत गेलो तर रेष थोडी उठते आणि बसते. मला चाळीस वर्षं 'आंबा बंद' हे एकच वाक्य ऐकवलं होतं. आंबा बंद नव्हता, जेवणावरचा आंबा बंद होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून पटलं. (अर्थात हे माझ्या शरीराचं. तुमची रेष तुम्ही बघा.)

मग एका पहाटे तीनला सेन्सर कोकलला, शुगर ५४! बायको साखर घेऊन आली. मी मीटरवर बोट टोचून पाहिलं तर ११०. त्या दंडावर झोपलो होतो, तो दाबला गेला की खोटं कमी दाखवतो. शिवाय तो रक्तातली नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, काही मिनिटं मागे असतो. म्हणून बरं वाटत असताना आकडा विचित्र दिसला तर आधी बोट टोचावं.

आता तक्रार. माझा प्रत्येक आकडा माझ्याआधी ठाण्याला मुलाच्या फोनवर जायचा. सत्यनारायणाचा प्रसाद घेतला की तासाभरात फोन, "बाबा, काय खाल्लंत?" मी आयुष्यभर वर्गात पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी वही पोरगा तपासतो. परिणाम काय झाला सांगू? मी प्रसादाच्या दिवशी मोजणंच बंद केलं. म्हणजे जेव्हा मोजायला हवं नेमकं तेव्हाच. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन त्याचं नाव मी काढलं. आठवडाभर घरात अबोला होता. पण त्यानंतरच्या माझ्या नोंदी खऱ्या आहेत.

रातांबा, तुम्ही इथे सगळ्यांना विचारलंत. बाबांना विचारलंत का, काय ठेवू आणि काय काढू?

खाडीकाठ :
मास्तर, दंडवत.

बोंडू :
बाबा आता नवीन धागा काढणार, 'मुलांच्या स्क्रीनटाइमसाठी कोच'.

घाटावरची :
मास्तर, पटतंय, पण दुसरी बाजूही आहे. माझे सासरे रात्री शुगर खाली जाऊन पडले, घरात एकटे. मुलाच्या फोनवर सूचना गेली असती तर शेजाऱ्यांना उठवता आलं असतं. सगळंच बंद कसं करणार?

निवृत्त_मास्तर :
बरोबर आहे. म्हणून ७० च्या खालची सूचना मी मुलाकडे ठेवली आहे. वरची काढली. खाली गेलं तर जीवाचा प्रश्न, वर गेलं तर माझ्या जिभेचा. दोन्हीला एकच पहारा नको.

तिठा :
एक तांत्रिक मुद्दा. वर्गणी भरताना संमतीच्या पानावर 'भागीदार संस्थांना माहिती देऊ' अशी ओळ असते, ती कुणी वाचत नाही. भागीदार कोण हे विचारा, विशेषतः विमावाले आहेत का. वर्गणी बंद केली म्हणजे माहिती पुसली असं होत नाही, तशी वेगळी मागणी करावी लागते. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. मेलवर मागा, फोनवर नको.

आणि माझ्या काकूच्या कोचने तिसऱ्या महिन्यापासून प्रोटीन पावडर विकायला सुरुवात केली. त्यांच्याच कंपनीची. तेव्हापासून ती काय सांगते यापेक्षा का सांगते याकडेच काकूचं लक्ष.

तिरफळ :
आता आलात मुद्द्यावर.

आबोली :
पावडरीपेक्षा बांगडा घ्या म्हणावं. नारळाचं वाटण जरा हात राखून.

रातांबा :
मंडळी, उशीर झाला, गावी गेलो होतो. मास्तरांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हो माणूस खंयचो? राजापूरचो? शिकलेलो दिसता."

नंतर पडवीत बसून एकेक गोष्ट विचारली. मला वाटलं होतं सगळंच नको म्हणतील. तसं नाही. त्या मुलीचा फोन हवाय. ती भोपाळची आहे, हिंदीत बोलते, पण तिने एकदा विचारलं होतं की मोहोराच्या दिवसांत फवारणी असते तेव्हा जेवण किती वाजता होतं, आणि त्याप्रमाणे गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या म्हणाली. ते बाबांच्या लक्षात राहिलंय. "ती इचारता. तो डबो नुसतो सांगता." डबो म्हणजे चॅटबॉट. तो नको. ताटाचे फोटो नकोत. पावलं नकोत. बहिणीच्या फोनवर जाणारे आकडे नकोत, हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. कमी शुगरची सूचना ठेवायला तयार झाले, पण तीही बहिणीऐवजी शेजारच्या काकांकडे. तुम्ही पुण्या-ठाण्याहून येईपर्यंत माझं काय ते होऊन जाईल म्हणाले.

कंपनीला फोन केला. नुसत्या कोचच्या फोनची योजना नाही म्हणे, सगळं एकत्रच. भरपूर घासाघीस करून तीन महिन्यांची वर्गणी मिळाली, कमी शुगरची सोडून बाकी सूचना सगळ्या बंद करून. तीन महिन्यांनी एचबीए१सी करू आणि मग बघू. दरम्यान आबोलीताईंनी सांगितलं म्हणून उपकेंद्रातही नाव घातलं. तिथल्या ताई बाबांच्या शाळेतल्या मित्राची सून निघाली, त्यामुळे आता गोळी चुकवायची सोय राहिली नाही.

ओपीडी :
उत्तम. एक विनंती, तुमच्या डॉक्टरांकडे जाताना फोन पुढे करून 'यात सगळं आहे' म्हणू नका. आम्हाला तेवढा वेळ नसतो आणि पेशंटला पासवर्ड आठवत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांचे आकडे एका कागदावर लिहून न्या, उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे वेगळे. कमी झालेल्या वेळा लाल पेनाने. आणि या वयात ७ च्या खालीच आणायचं असा हट्ट नको, किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना ठरवू द्या. ग्लिमेपिराइडबद्दलही तेव्हाच विचारा.

सुरंगी :
नवीन सभासद, सगळा धागा वाचला. थोडं वेगळं विचारते. आईचा मीटर पावसाळ्यात काहीच्या बाही आकडे दाखवतो, सकाळी १४०, लगेच पुन्हा टोचलं तर २१०. मीटर बदलावा का?

निवृत्त_मास्तर :
आधी पट्ट्या बघा. डबीचं झाकण उघडं राहिलं की आपल्याकडच्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात. पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं, डबी फ्रिजात ठेवायची नाही, मागची तारीख बघायची. आणि हात साबणाने धुऊन कोरडे करून मग टोचायचं. आईने त्याआधी फणस सोलला असेल तर आकडा फणसाचा येतो.

सुरंगी :
गरे काढत होती! आजच नवीन डबी आणते. धन्यवाद मास्तर.